यवतमाळ, व्हाया वणी

बाबांची वाचा गेली त्याला आता वर्ष होत आलं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी, एका सकाळी मारेगावच्या घरी चहा पिताना त्यांच्या हातून बशी सुटली. आईला वाटलं, चहा गरम असेल. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं तिला दिसलं. यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला माझ्याकडे आणलं आणि महिन्याभराने परत मारेगावला पोचवलं, कारण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नाही हे न बोलताही दिसत होतं. उजवा पाय थोडाफार परत आला. उजवा हात तसाच राहिला आणि बोलणं आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलंय ते दिसतंय, पण समजणं किती राहिलंय ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाबा बोलले नाहीत तरी चालेल. मी बोलते ते त्यांना कळतंय का, एवढं मला खात्रीने समजायला हवं होतं.

हा प्रश्न मला जरा जास्तच छळत होता, कारण माझी सगळी नोकरीच या प्रश्नावर चालते. मी नागपूरला हवाई वाहतूक नियंत्रक आहे. लोकांना वाटतं आम्ही धावपट्टीवर झेंडी घेऊन उभे राहतो. सासरच्या एका लग्नात तर एका बाईंनी माझ्याकडे विमानात वाटतात त्या गोळ्या मागितल्या होत्या. प्रत्यक्षात मी एका थंडगार खोलीत पडद्यासमोर बसते. पडद्यावर ठिपके सरकत असतात, एकेक ठिपका म्हणजे एकेक विमान. मी रेडिओवर सांगते, अमुक उंचीवर या, अमुक दिशेला वळा, आणि वैमानिक ते ऐकून जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. नुसतं 'हो', 'ठीक आहे', 'कळलं' चालत नाही. आकडा ऐकलात ना, मग आकडा म्हणून दाखवा. आणि तो म्हणून दाखवत असताना मी कान देऊन ऐकायचं. तो चुकला आणि मी ती चूक जाऊ दिली, तर ती एकट्या त्याची राहत नाही, माझीही होते.

या नोकरीने माझा स्वभाव बिघडवला असं माझा नवरा म्हणतो. बिघडवला नाही, सुधारला. फोनवर नुसतं 'हं, हं' करणाऱ्या माणसांची मला चीड येते. येताना दही आण म्हटलं आणि समोरून 'हं' आलं, तर मी फोन ठेवत नाही. काय आणणार ते बोल. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो बिचारा 'दही आणतो, अर्धा किलो' असं पूर्ण वाक्य म्हणतो, तेव्हाच सुटतो.

पण खरं सांगायचं तर ही खोड मला नागपूरने लावली नाही. ती मारेगावची आहे, आणि बाबांची आहे.

बाबा मारेगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. पत्र्याच्या शेडच्या टोकाला त्यांची केबिन, तिला जाळीची खिडकी, आत एक टेबल आणि टेबलावर माईक. माईकवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याची एक टोपी शिवून घेतली होती. गाडी पुकारायच्या आधी ते टोपी काढत, माईकवर नखाने दोनदा मारत, टक टक, आणि मग म्हणत, प्रवाशांनी लक्ष द्यावे. कापसाच्या दिवसांत स्टँड फुललेला असे. वेचणीला निघालेल्या बाया, जिनिंगवरून पांढरे होऊन परतणारे हमाल, कोणाच्या पिशवीतून डोकं काढणारी कोंबडी. त्या गलक्यात पुढचे शब्द कितींना ऐकू जात देव जाणे, पण टक टक झाली की माणसं गाठोडी उचलून उभी राहत.

मारेगाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते, की आमच्या उगवतीला वणी आहे आणि मावळतीला करंजी. यवतमाळला जायचं तर करंजीवरून जायचं. नागपूरला जायचं तर वणी, वरोरा असं जायचं. 'यवतमाळला जाणारी बस, करंजी मार्गे' हे शब्द मी बाराखडीच्याही आधी शिकले असेन, कारण आमचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत होतं आणि बाबांचा आवाज दिवसभर घरात असायचा. आईला ते कधी घरी नाहीत असं वाटलंच नसेल.

गाडी निघायच्या वेळी ड्रायव्हर जाळीपाशी येऊन म्हणायचा, "येतो साहेब." बाबा म्हणायचे, "या." कोणी चुकून 'जातो' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. घरातून निघणाऱ्याने 'येतो' म्हणावं हे सगळ्याच घरांत असतं, पण बाबांनी ते स्टँडवरही लावून धरलं होतं. रस्त्यावर निघालेला माणूस आहे, त्याला जा कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे बायासुद्धा 'येतो'च म्हणतात. नागपुरात राहून माझं 'येते' झालं खरं, पण बाबांशी बोलताना माझ्या तोंडून अजूनही 'येतो'च निघतं.

माझी निवड झाली तेव्हा गावात बातमी झाली की कंट्रोलरची पोरगी कंट्रोलर झाली. लोक पेढे मागायला आले आणि विचारू लागले, कोणत्या स्टँडवर. बाबांनी विमानांचं समजावून सांगितलं. शेजारच्या मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं, बापाचीच जागा पोरीले भेटली. पुढे बाबांनीही तसंच धरलं. ते वैमानिकाला कायम डायवरच म्हणत आले. मी म्हणायचे, बाबा, त्यांना पायलट म्हणतात. ते म्हणायचे, गाडी चालवते तो डायवर. असे वाद मी कधीच जिंकले नाहीत.

प्रशिक्षण अलाहाबादला होतं आणि तिथे मी सपशेल आपटले. सरावासाठी पडद्यावर खोटी विमानं असत. शेजारच्या खोलीत बसलेली माणसं वैमानिक होऊन बोलत आणि मुद्दाम चुका पेरत. मी सांगावं तेहतीस हजार फूट, तिकडून उत्तर यावं पस्तीस हजार, आणि मी तोवर पुढच्या विमानाकडे वळलेली. शिकवणारे सर एकदा म्हणाले, "बेटा, बोलती बहुत अच्छा हो. सुनती नहीं हो." कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मी, मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. रेडिओच्या परीक्षेत मी नापास झाले. फेरपरीक्षेच्या आधी थोडी सुट्टी मिळाली, तेव्हा चेहरा पाडून मारेगावला आले.

बाबांनी सगळं विचारून घेतलं. रीडबॅक म्हणजे काय, चूक कशी पेरतात, ती कशी पकडायची. मग म्हणाले, चाल, मी होतो तुया डायवर.

रोज संध्याकाळी ड्युटी संपवून ते अंगणातल्या बाजेवर बसायचे. त्यांच्या हातात स्टीलचा गिलास, तो त्यांचा माईक. माझ्या हातात वाटी. रेडिओवर आकडे जरा निराळे म्हणतात, खरखरीत घोळ होऊ नये म्हणून. थ्री नाही, ट्री. फाइव्ह नाही, फाइफ. नाइन नाही, नायनर. बाबांना हा प्रकार भलताच आवडला. 'ट्री म्हंजे झाड ना वो?' असं एकदा विचारून त्यांनी खात्री करून घेतली आणि मग घरात सगळीकडे झाडं लावत सुटले. आईने विचारलं, किती भाकरी टाकू, तर हे म्हणायचे, ट्री. आई म्हणायची, बापलेकीले येड लागलं. मीही चिडायचे, कारण माझी परीक्षा होती आणि यांना खेळ सुचत होता. पण आज त्या अंगणाची आठवण आली की आधी गिलासातून येणारा बाबांचा तो घुमणारा नायनरच आठवतो, आणि मन भरून येतं.

बाबा मुद्दाम चुकायचे. मी म्हणावं लेफ्ट, त्यांनी गंभीर चेहऱ्याने म्हणावं राइट. मी पकडलं तर काहीच घडायचं नाही, खेळ पुढे चालायचा. नाही पकडलं, तर ते गिलासावर नखाने दोनदा मारायचे. टक टक. तोंडाने एक शब्द नाही. मागे जाऊन, काय सुटलं ते मी शोधायचं. सुरुवातीला त्या टकटकीने माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. टकटक आली नाही म्हणजे बरोबर, पुढे चल, एवढीच शाबासकी होती. त्याहून जास्त शाबासकी द्यायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

एका संध्याकाळी मी पार थकले होते. विमानांमागून विमानं सोडत होते, बाबा उत्तरं देत होते, आणि मधेच त्यांनी त्याच इंग्रजी चालीत उत्तर दिलं, "यवतमाळ, व्हाया वणी."

मी म्हटलं, करेक्ट.

टक टक. ओट्यापाशी बसलेली आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मारेगावहून यवतमाळला वणीवरून जायचं म्हणजे यवतमाळकडे पाठ करून निघायचं. आमच्या गावात शेंबडं पोरही ही चूक करणार नाही, आणि पुढे शेकडो विमानांना वाट दाखवणार असलेल्या मला ती ऐकूसुद्धा आली नव्हती. मी आधी रडले, मग हसले. त्या दिवसापासून मात्र मी खरोखर ऐकायला लागले. वणीच्या लोकांनी राग मानू नये. वणी चांगलं गाव आहे, फक्त ते आमच्या यवतमाळच्या वाटेवर नाही.

मग घरात हा शब्दच पडला. बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका, एखादी हकिगत सांगायला लागले की लग्नावरून बैलावर आणि बैलावरून तलाठ्यावर जायचे, तेव्हा आई आतून म्हणायची, चालले व्हाया वणी. नवरा जवळचा रस्ता म्हणून गाडी भलत्याच गल्लीत घालतो तेव्हा माझी मुलगी मागच्या सीटवरून हेच म्हणते, आणि तिचा जन्म नागपूरचा आहे. बाबा तर कधीही, कुठेही ते पेरायचे. जेवताना, लग्नाच्या पंगतीत, फोनवर. बोलता बोलता सहज म्हणायचे, यवतमाळ, व्हाया वणी, आणि माझं लक्ष आहे का बघायचे. मी तिथल्या तिथे म्हणायचं, करेक्शन, करंजी मार्गे. मग ते समाधानाने भाकरीचा तुकडा मोडायचे.

फेरपरीक्षेत पेरलेली प्रत्येक चूक मी पकडली. सरांनी विचारलं, घरी कोणी शिकवलं का. मी म्हटलं, वडिलांनी, तेही कंट्रोलर आहेत. ते एकदम सावरून बसले आणि म्हणाले, कोणत्या टॉवरला. मी म्हटलं, मारेगाव. सर बराच वेळ आठवत राहिले, पण त्यांना ते विमानतळ काही आठवलं नाही.

नागपूरला सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडून एक गंमत झाली. आपल्या हद्दीतून विमान बाहेर पडायला लागलं की त्याला पुढच्या नियंत्रकाकडे सोपवायचं असतं. तिकडच्या रेडिओचा आकडा सांगायचा, तो वैमानिक परत म्हणतो, मग 'गुड डे' म्हणून दोघंही मोकळे. त्या दिवशी वैमानिकाने आकडा नीट म्हटला, गुड डे म्हटलं, आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, "या."

शेजारी बसलेल्या वरिष्ठांनी मान वळवली. माझे कान तापले. रेडिओवर क्षणभर नुसती खरखर होती, आणि मग वरून आवाज आला, "येतो." तो कुठला होता, कोणाचा कोण, मला आजतागायत माहीत नाही. मी हे बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी ते दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं. त्यांच्या मते माझ्या नोकरीतली तेवढी एकच गोष्ट रीतीला धरून होती.

काही आळशी वैमानिक उत्तर द्यायच्या ऐवजी माईकचं बटण दोनदा दाबतात. कानात नुसती टक टक येते. ऐकलं बरं का, असा त्याचा अर्थ. नियमाने ते उत्तर धरत नाहीत आणि मी तर कधीच धरलं नाही. मी परत विचारते, जरा कडकच आवाजात, आणि पूर्ण रीडबॅक घेते. बाबांना हे सांगितलं तर ते दुखावलेच. मी तं जनमभर टकटकच केली, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या टकटकीनंतर तुम्ही पुकारत होता, बाबा. नुसत्या टकटकीने त्याने काय ऐकलं ते मला कसं कळणार? ते म्हणाले, हे बी खरं हाये.

आणखी एक दुपार मला बाबांना सांगायची फार घाई झाली होती. एका छोट्या विमानाने एकाएकी उत्तरं देणं बंद केलं. ठिपका पडद्यावर सरकत होता, पण आवाज नाही. मी दोनदा हाक मारली, तीनदा मारली. शेजारचे वरिष्ठ म्हणाले, "बोलणं बंद पडलं म्हणजे ऐकणं बंद पडलं असं धरायचं नाही. बोलत राहा." अशा वेळी काय करायचं ते पुस्तकात वाचलेलं होतं, पण खरी वेळ आली की पुस्तक आठवत नाही. मी म्हटलं, ऐकू येत असेल तर डावीकडे वळा. आणि आम्ही पडद्याकडे बघत बसलो. ठिपका सरळ चालला होता. चाललाच होता. मग तो हळूच डावीकडे वळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी सर्दीवर खपवलं. पुढे त्याला फक्त बोलून, एकही उत्तर न ऐकता, मी उतरवून घेणाऱ्या माणसांच्या हवाली केलं आणि तो सुखरूप उतरला. बाबांनी ही हकिगत फोनवर दोनदा सांगायला लावली. मी 'मंग तो वळला' या वाक्यापाशी आले की ते म्हणायचे, पुन्हा सांग.

नोकरीतून मोकळे झाल्यावर बाबा अंगणात त्याच बाजेवर बसून आभाळाकडे बघायचे. मारेगाववरून बरीच विमानं जातात, फार उंचावरून. निरभ्र दिवसांत त्यांच्या मागे पांढरी रेघ उमटते. रेघ दिसली की बाबांचा फोन यायचा. आता एक गेली वो वणीकडून, तुई गाडी का? मी ड्युटीवर नसले, घरी भाजी निवडत बसलेली असले, तरी म्हणायचे, हो बाबा, माझीच. मले वाटलंच, म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

ते फोन बंद झाले. घरात माणसं येत राहिली. आमच्या गावात आजाऱ्याला बघायला सगळा गाव येतो आणि ते चांगलंच आहे, पण माणसं बाबांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल बोलायची, ते तिथे नसल्यासारखं. काकांनी तर एका दिवशी निकालच देऊन टाकला. "त्याले आता काही समजत नाही, वहिनी. उगा बोलून दमू नोका."  आई तशीच बाबांना सांगत राहिली, आज वांग्याची भाजी केली, पाऊस उघडला, शेजारची गाय व्याली. मी मात्र काकांवर इतकी भडकले की उठून अंगणात गेले. राग त्यांचा नव्हताच. ते म्हणतात ते खरं असेल, ही भीती होती.

मग मला ते गप्प झालेलं विमान आठवलं. दुसऱ्या दिवशी बाबांसमोर बसले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "बाबा, माझं आयकू येत असन तं डावा हात उचला."

डावा हात चांगला होता. जेवताना ते त्याच हाताने घास घेत. पण तो हात उचलला गेला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. मी तीनदा म्हटलं. दारात उभे असलेले काका खाकरले आणि चपला घालून निघून गेले. त्या दिवशी नागपूरच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि वरोऱ्यापर्यंत कोणाशी बोलले नाही.

पण वरिष्ठांचं ते वाक्य मनात होतं, बोलत राहा. समोरून काहीच येत नसताना बोलत राहण्याला आमच्याकडे नाव आहे, ब्लाइंड ट्रान्समिशन. मी रोज सकाळी ड्युटीला निघायच्या आधी मारेगावला फोन लावू लागले. आई म्हणायची, जयभीम बाई, थांब, देतो त्यायच्या कानाले, आणि फोन बाबांच्या डाव्या कानाशी उशीवर ठेवायची. मी सगळं सांगायचे. आज कोणती पाळी आहे, मुलीची परीक्षा कशी गेली, आभाळ कसं आहे. अगदी सोपं, स्पष्ट, डॉक्टरांनी सांगितल्यासारखं, छोट्या छोट्या वाक्यांत. शेवटी म्हणायचे, येतो बाबा. पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. पावसाळा गेला, हिवाळा गेला, कापूस घरोघरी येऊन गेला, आणि मी तशीच त्या श्वासाशी बोलत राहिले. काही दिवशी मला वाटायचं, मी बाबांसाठी नाही, माझ्यासाठीच बोलतेय.

मागच्या महिन्यात एका सकाळी सांगण्यासारखं काही उरलंच नाही. आदल्या दिवशीचं सगळं सांगून झालं होतं. आई म्हणाली होती, की आता स्टँडवर कोणी गाड्या पुकारत नाही, लोक मोबाइलवर बघतात. ते आठवलं आणि वाटलं, आपणच एकदा पुकारावं, त्यांना बरं वाटेल. स्वयंपाकघरात उभं राहून, एका हाताने गॅस बंद करत, मी त्यांच्या चालीत सुरू केलं. प्रवाशांनी लक्ष द्यावे. मारेगावहून यवतमाळला जाणारी बस. आणि इतक्या वर्षांच्या घरातल्या सवयीने जीभ घसरली, "व्हाया वणी."

टक टक.

मी आहे तिथे थांबले. फोनवर हजार आवाज येतात. आईच्या बांगड्या असतील, चमचा असेल. आणि एका टकटकीवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. मी स्वतःला सावरलं आणि म्हटलं, करेक्शन. यवतमाळ, करंजी मार्गे.

काही नाही. श्वास.

मी पुन्हा म्हटलं, यवतमाळ, व्हाया वणी.

टक टक. या वेळी जरा जोरात, चिडल्यासारखी. पाठोपाठ आईचा आवाज आला, "बाई वो, हे फोनवर नख मारून राह्यले. काय बोल्ली तू त्यायले?"

मी खालीच बसले, गॅसच्या ओट्याला टेकून. वर्षभर मी त्यांच्याशी एकही चूक न करता बोलत होते. हळू, स्पष्ट, लहान मुलाशी बोलावं तसं. त्यांना टोकायला मी जागाच ठेवली नव्हती. आणि ज्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट सांगितली, त्यांना मी काकांसमोर हात उचलून दाखवा म्हटलं होतं. मी असते तर मीही डोळे मिटून घेतले असते. ते सगळं ऐकत होते. व्यालेली गाय, मुलीची परीक्षा, काकांचा निकाल, सगळं. नियमाने टकटक हे उत्तर धरत नाहीत. मी ते धरलं. मला खूप रडू आलं, आणि या वेळी सर्दीचं नाव सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

आई पलीकडून विचारत होती, काहून रडून राह्यली, काय झालं. तिला म्हटलं, काही नाही, फोन तसाच राहू दे त्यांच्या कानाशी. ड्युटीची वेळ होत आली होती. मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हटलं, "शनिवारी येतो, बाबा. नागपूरहून मारेगाव, वणी मार्गे."

आणि फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिले. आईच्या बांगड्या वाजल्या. लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न झाला. बाबांचा श्वास येत होता, जात होता. टकटक आली नाही.